ड्रम कोअरला जाणारी मुलगी आणि 'उन्हाळा वाया गेला' म्हणणारे

केतकी_ओहायो

अनिवासी_बाप यांनी परवा लिहिलं की आपली मराठी पोरंही आता ड्रम कोअरच्या नादी लागलीत. ड्रम कोअर म्हणजे बिगुल, ड्रम नि झेंडे घेऊन मैदानावर आकृत्या करत वाजवणारं तरुण मुलांचं अमेरिकन पथक, उन्हाळाभर गावोगावी स्पर्धांना फिरणारं. आईबापांनी पाच-सहा हजार डॉलर मोजायचे, पोरांनी दोन-अडीच महिने शाळांच्या जिममध्ये फरशीवर झोपायचं, त्यापेक्षा एखादी इंटर्नशिप केली तर कॉलेजच्या अर्जात निदान दोन ओळी वाढतील. खाली 'अगदी बरोबर'ची रांग लागली होती. ती वाचून गप्प बसवेना.

माझी मुलगी सतराची. अकरावी संपली की मे अखेरीस ती कोअरमध्ये दाखल होणार आणि ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी इंडियानापोलिसच्या लुकस ऑइल स्टेडियममध्ये फायनल झाली की परत येणार. मधले सगळे दिवस सराव, बस, शो, पुन्हा बस. दिवसाला दहा-बारा तास उन्हात उभं राहायचं, आणि कशासाठी, तर बारा मिनिटांच्या एका कार्यक्रमासाठी. हे सगळं माहीत असून मी सही केली आहे.

ती बास ड्रमवर आहे. स्नेअरवाल्यांना, म्हणजे खणखणीत आवाजाच्या छोट्या ड्रमवाल्यांना, अख्खी ओळ वाजवायला मिळते. बासवाले पाचजण तीच ओळ आपसात वाटून घेतात. पाच ड्रम, पाच आकार, पाच स्वर. एका मात्रेत सहा आघात असले तर त्यातला एखादाच हिचा, मागचा-पुढचा शेजाऱ्यांचा. घरी एकटी सराव करते तेव्हा टक्, मग शांतता, मग टक्. तिच्या बाबांना वाटायचं, पाठच झालेलं नाही हिला.

जानेवारीच्या कॅम्पला तिला आणायला गेले तेव्हा जिमच्या दारात उभी राहिले. कोपऱ्यात डॉ. बीटचा मेट्रोनोम, म्हणजे लय धरून देणारं यंत्र, मोठ्या स्पीकरला जोडलेला, टॉक टॉक टॉक टॉक. पाचजण एका रांगेत. शिकवणारा म्हणाला, 'दुसरा ड्रम घाई करतोय.' बाकीच्या चौघांपैकी एकानंही मान वळवून त्या मुलाकडे पाहिलं नाही. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मग एकदा ती ओळ आली, वरच्या ड्रमपासून खालच्यापर्यंत, एकाच माणसानं वाजवल्यासारखी. कुणी हसलं नाही, टाळ्या नाहीत, शिकवणारा फक्त 'पुन्हा' म्हणाला. माझ्या मुलीच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी तिच्या कुठल्याही रिपोर्ट कार्डच्या दिवशी पाहिलेलं नाही.

शाळेत ती वर्गात नसली तर हजेरीत एक खूण होते, बाकी वर्ग चालू राहतो. कोअरमध्ये ती नसली तर त्या ओळीत भोक पडतं आणि मैदानावरच्या आकृतीतही. आपल्यावाचून इतरांचं काहीतरी खरोखर अडतं, हे सतराव्या वर्षी कळायला आपण आपल्या मुलांना दुसरी कोणती जागा देतो? शाळेतच कॉलेजच्या पातळीचे एपीचे क्लास देतो, कॉलेज प्रवेशासाठीची सॅट परीक्षा देतो. तिथे प्रत्येकजण एकटा.

फीचे निम्मे पैसे तिनं किराणा दुकानात काम करून जमवलेत. वाया कसला उन्हाळा?

अनिवासी_बाप

ताई, मुलीचं कौतुक मनापासून. पण तुम्ही लिहिलं ते जानेवारीतल्या जिमचं. मी बोलतोय जुलैबद्दल.

माझा भाचा गेला होता. नडगी दुखायला लागली, तरी चार दिवस तसाच पळत राहिला, कारण 'भोक पडेल' ही भीती. शेवटी पाऊल टेकवेना तेव्हा घरी पाठवला. फी परत नाही. तुमचं ते 'अडतं' मुलाला अभिमान देतं, तसंच दुखणं लपवायलाही शिकवतं. हे लिहा ना कुणीतरी.

दुसरं. तिथे सोळा-सतराची मुलं आणि एकवीसची एकत्र राहतात, एकाच जिममध्ये झोपतात, आईबाप शेकडो मैल लांब. द कॅडेट्सचं काय झालं हे सगळ्यांना माहीत आहे. १९३४ पासूनचं कोअर, डीसीआयची (ड्रम कोअर इंटरनॅशनल, ह्या स्पर्धा घेणारी संस्था) दहा विजेतेपदं. २०१८ मध्ये त्यांच्या संचालकांवर अनेक स्त्रियांनी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले, त्यांना पद सोडावं लागलं, आणि २०२४ च्या सुरुवातीला संस्थाच बंद पडली. सांता क्लारा व्हॅनगार्डसारखं नामांकित कोअर २०२३ मध्ये पैशांपायी मैदानात उतरलं नाही. अशा डळमळीत संस्थांच्या हाती मी पोर देणार नाही. आणि स्पर्धेत शोला शंभरपैकी गुण देतात, ते कसले हो? संगीताला गुण?

कानाची_डॉक्टर

दोघांनीही कानाचा विषय काढला नाही, म्हणून लिहिते. सुरक्षित मर्यादा साधारण ८५ डेसिबल, तीही आठ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. ड्रमच्या रांगेत उभं राहणारं मूल ही मर्यादा सकाळच्या नाश्त्याआधीच्या सरावात ओलांडत असणार. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. केतकीताई, तिला साधे फोमचे बोळे देऊ नका, त्यात स्वर कळत नाहीत म्हणून मुलं ते काढून टाकतात. वादकांसाठीचे मिळतात, ते घ्या. जाण्याआधी एकदा श्रवणचाचणी करून ठेवा, म्हणजे परत आल्यावर तुलना करता येईल. हेच ढोल-ताशावाल्या मुलांनाही सांगून थकले. ताशासमोर उभे राहणारे सगळ्यांत वाईट अवस्थेत येतात.

पेठकरी

ढोल-ताशाचं नाव आलंच आहे तर बोलतो. हजारो डॉलर देऊन अमेरिकन ड्रम वाजवायचा, आणि आपल्याकडे पोर पथकात गेलं की 'टवाळकी'! माझा मुलगा नववीपासून पथकात आहे. आषाढ लागला की संध्याकाळी नदीपात्रात सराव, ढोल स्वतः ताणायचा, पान स्वतः बदलायचं, टिपरू हरवलं तर वरच्या मुलांचा ओरडा खायचा. इथे पुण्यात ज्ञानप्रबोधिनी शाळेत तिचे संस्थापक अप्पा पेंडश्यांनी मुलांच्या गळ्यात ढोल अडकवले ते शिस्तीसाठीच ना? आज मुली ध्वज घेऊन पुढे चालतात, लक्ष्मी रस्त्यावर ताशाची तर्री सुरू झाली की अंगावर काटा येतो. आणि ह्याला कुणी गुण देत नाही. वाजवायचं ते बाप्पापुढे. बे एरियात, न्यू जर्सीत आपली पथकं आहेत, मुलीला तिथे घाला.

नदीकाठी_राहणारी

पेठकरी, तुमच्या अंगावर काटा येतो, आमच्या घरात बाळ दचकून उठतं. म्हात्रे पुलाच्या बाजूला राहते मी. जुलैपासून अनंत चतुर्दशीपर्यंत संध्याकाळी खिडकी उघडता येत नाही. एक पथक संपलं की पलीकडचं सुरू, आणि दोघांचा ठेका वेगळा. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. ती फक्त कागदावर. सासूबाईंचं हृदयाचं ऑपरेशन झालं त्या महिन्यात मी खाली जाऊन हात जोडले. 'काकू, परंपरा आहे' असं उत्तर मिळालं. किती वर्षांची परंपरा, विचारलं, तर तो मुलगा गप्प.

ऑगस्ट २०२४ मध्ये हरित लवादानं पथकात तीसच जण असावेत असा आदेश दिला तेव्हा वाटलं, सुटलो. पंधरा दिवसांत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती. आम्ही कुठे जायचं?

पेठकरी

म्हणजे दहा दिवसांच्या उत्सवासाठी दोन महिने संध्याकाळचे दोन तास सहन होत नाहीत. लग्नाच्या वरातीतल्या डीजेच्या भिंती चालतात, आमची पोरं तेवढी खुपतात. नदीपात्रात जातो ते लोकवस्ती टाळायलाच. आता तिथूनही हाकला.

नदीकाठी_राहणारी

डीजे चालतो असं मी कुठे म्हटलं? माझ्या तोंडी नसलेली वाक्यं घालू नका. आणि नदीला काठ असतो, काठावर माणसं राहतात. लोकवस्ती टाळायची तर शहराबाहेर जा.

टिपरूवाली

मी एकोणीस वर्षांची, पथकात आहे. काकू, आमच्या पथकप्रमुखांनी यंदा साडेआठला सराव बंद करायचा नियम केलाय आणि तो पाळतो. सगळी पथकं पाळत नाहीत, हे खरं आहे. पण पेठकरी काका, तुम्हीही सगळं गोड सांगू नका. टिळक चौकात स्थिर वादन लांबवायचं, मागची मंडळं ताटकळत ठेवायची, आणि रीलसाठी पुन्हा तोच हात (ठेका) वाजवायचा, हे चालतं. मिरवणूक तीस तासांवर जाते त्यात आमचाही वाटा आहे.

तरी केतकीताई लिहितात ते मला पटलं. पहिल्या वर्षी माझ्या डाव्या हाताची थाप उशिरा पडायची. रांगेतल्या बारा ढोलांत कुणाला कळणार, असं मला वाटायचं. शेजारच्या मुलीला कळत होतं. ती काही बोलली नाही, रोज पंधरा मिनिटं आधी येऊन माझ्यासमोर उभी राहायची. माझ्यासाठी असं कॉलेजमध्ये कुणी केलेलं नाही.

ताशेवाल्याचा_नातू

शिस्त, परंपरा, अभिमान, सगळं वाचलं. माझे आजोबा ताशा वाजवायचे. लग्नं, जत्रा, गणपती. त्यांची सुपारी ठरायची तेव्हा घरात धान्य यायचं. मग शाळा-कॉलेजांची पथकं आली, पांढरे कुडते, फेटे, फोटो. मंडळांना तीच हवीशी झाली. आजोबांच्या वेळी ताशा गळ्यात असलेला माणूस मांडवाच्या बाहेर जेवायचा. तुमच्या मुलांच्या गळ्यात तो आला आणि संस्कृती झाला. पेठकरी, तुमच्या मुलानं वाजवू नये असं मी म्हणत नाही. पण त्याला हात कुणी शिकवला, आणि शिकवणाऱ्याच्या शिकवणाऱ्याला कुणी, हे विचारत मागे जा. त्या माणसांना पथकात शिकवायला पैसे देऊन बोलवा. मग परंपरा म्हणा.

पेठकरी

आमच्या पथकात ताशा शिकवायला येतात ते मुरलेले वादक आहेत आणि त्यांना मानधन देतो. प्रत्येक ठिकाणी जात आणायची गरज नव्हती. पण मांडवाबाहेरच्या जेवणाबद्दल मला उत्तर नाही.

केतकी_ओहायो

पुणं मिटेपर्यंत थांबले असते तर ऑगस्ट उजाडला असता, म्हणून मूळ मुद्द्यावर येते.

पेठकरी, न्यू जर्सी माझ्यापासून आठ-नऊ तासांवर आहे. शिवाय माझी मुलगी ओहायोत वाढली. ब्ल्यूकोट्स हे कोअर इथल्या कँटनचं. २०१६ मध्ये ते डीसीआय पहिल्यांदा जिंकले आणि २०२४ मध्ये पुन्हा. तिच्या शाळेच्या बँडमधली मुलं त्यांची नावं सांगत मोठी होतात. ड्रम कोअर तिला परकं नाही. पहिल्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी आणि चर्चनी गावातल्या मुलांना बिगुल नि ड्रम दिले, त्यातून हे उभं राहिलं. तुमच्या मंडळाइतकंच ते गल्लीतलं आहे.

गुणांबद्दल. हो, शंभरपैकी देतात. एकूण परिणामाला ४०, दृश्याला ३०, संगीताला ३०. मलाही सुरुवातीला विचित्र वाटलं. पण बॉस्टन क्रुसेडर्स १९४० पासून आहेत, डीसीआयचं पहिलं विजेतेपद त्यांना २०२५ मध्ये मिळालं. मधल्या सगळ्या वर्षांत जी मुलं तिथे वाजवून, बाविशी गाठून बाहेर पडली, ती न जिंकताच गेली. त्यांना कुणी विचारा, वाया गेलं का.

कॅडेट्सचं मी झाकत नाही. आम्ही सही करण्याआधी कोअरला लेखी विचारलं: कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी कोण तपासतं, मुली कुठे झोपतात, तक्रार संचालकांबद्दलच असेल तर ती कुणाकडे जाते, दुखापत झाली तर मुलाला थांबवण्याचा अधिकार कुणाचा. एका कोअरनं उत्तर दिलं नाही, ते आम्ही सोडलं. दुसऱ्यानं चारही उत्तरं दिली आणि दुखापतीचा निर्णय वैद्यकीय स्टाफचा, शिकवणाऱ्याचा नाही, असं लिहून दिलं. नडगी लपवू नको, हे मात्र घरातूनच सांगावं लागेल. मी सांगतेय, रोज.

अनिवासी_बाप

लेखी विचारलंत हे चांगलं केलंत. माझ्या बहिणीनं विचारलं नव्हतं. तरीही पाच-सहा हजार डॉलर ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्या मुलांनी काय करायचं, ह्याचं उत्तर तुमच्या लेखात नाही. आणि इंटर्नशिपबद्दल माझं मत तेच आहे.

एक मात्र मान्य करतो, आणि नाइलाजानं करतो. भाचा दुसऱ्या वर्षी पुन्हा गेला. बहिणीनं विरोध केला, मीही केला. त्यानं स्वतः कर्ज काढलं. का, ते त्याला अजून नीट सांगता येत नाही. आता चौतिशीचा आहे, त्याच्या लग्नात सगळ्यांत जास्त माणसं त्या कोअरची होती.

ते चार प्रश्न जसेच्या तसे इथे टाका. माझी धाकटी आठवीत आहे, कलर गार्डचे, म्हणजे कोअरमधल्या झेंडे फिरवत नाचणाऱ्या तुकडीचे, व्हिडिओ पाहत बसते.

कानाची_डॉक्टर

पाचवा प्रश्न जोडा: सरावात कानाचं संरक्षण सक्तीचं आहे का.

नदीकाठी_राहणारी

टिपरूवाली, तुमचं पथक कोणत्या पुलाखाली सराव करतं ते मला निरोपातून कळवा. साडेआठला खरंच थांबत असाल तर बाकीच्यांकडे जाताना तुम्हाला सोबत घेऊन जाईन.