मदत हवी आहे : पश्चिमेच्या बाल्कनीत टांगायच्या शिंक्यांसाठी दोरी कोणती?

नमस्कार. आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत राहतो. आमची बाल्कनी पश्चिमेला असल्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत दुपारपासून सूर्यास्तापर्यंत तिथे थेट ऊन असते, आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला की वाऱ्याबरोबर सपकारेही तिथेच येतात. सुट्टीत मुलीला मॅक्रमेच्या (दोरीला गाठी मारून विणण्याच्या कलेच्या) गाठी शिकवत कुंड्यांसाठी शिंकी विणायचा विचार आहे. मोबाइलपासून दूर गॅलरीत बसून दोघींनी करण्याजोगे याहून चांगले काम मला तरी सुचत नाही.

अडचण दोरीची आहे. सुती दोरी हाताला मऊ आणि गाठीला नेटकी असते, पण सतत ओली राहिली तर कुजते. तागाचेही तेच होते. नायलॉन पाण्याला टिकते, मात्र कडक उन्हात कालांतराने ठिसूळ होते, शिवाय तिची गाठ सुटते. उन्हापावसात टिकणारी, तरीही विणायला सोपी अशी दोरी आपल्यापैकी कोणी वापरली आहे का, आणि ती ठाणे स्थानकाजवळच्या बाजारात मिळते का?

झाडांपैकी ऊन मानवणारी ऑफिस टाइम (पोर्तुलाका) आणि सदाफुली नक्की आहेत. मनी प्लांटची पाने थेट उन्हात करपतात, म्हणून तो आत दिवाणखान्यातच राहील. मोगरा टांगलेल्या कुंडीत पुरेसा फुलतो का, की त्याच्या मुळांना जमिनीवरची मोठी कुंडीच द्यावी? ओल्या मातीचे वजन कमी ठेवण्यासाठी कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) किती प्रमाणात मिसळावे, हेही अनुभवींनी कृपया सांगावे.