बोलेरो कॅम्परवर राहण्याचा डबा बसवायचाय, थेट चासीला वेल्ड केला तर चालेल का?

रामबागचा_भटक्या

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. सेकंडहँड बोलेरो कॅम्पर फोर बाय फोर घेतलीये, म्हणजे मागे उघडा हौदा असलेला पिकअप. नावातच कॅम्पर आहे म्हटल्यावर बायकोला वाटलं आत पलंग असेल, तो विनोद घरी अजून चालू आहे. हौदा काढून तिथे दोघांना झोपता येईल, सकाळी पोहे-चहा करता येईल असा डबा करायचाय. पावसाळ्यात जानापाव, मांडूकडचे कच्चे रस्ते आणि पुढच्या जूनमध्ये स्पिती.

सांवेर रोडवरचा एक फॅब्रिकेटर म्हणतो दीड इंची चौकोनी पाईपचा सांगाडा, बाहेरून पत्रा, आतून प्लाय आणि चासीला (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला) सहा जागी वेल्डिंग, "हिलेगा नहीं साहब". हौदा जेमतेम पाच फुटी, त्यात माणूस मावत नाही म्हणून डबा आठ फुटी, मागे बाहेर निघणार. पाण्याची ८० लिटरची टाकी आणि स्टेपनी अगदी शेवटाला. कुठे चुकतोय का?

चासीवाले_काका

अरे बाबा, "हिलेगा नहीं" हाच तर रोग आहे. हलायलाच पाहिजे ते.

तुझ्या गाडीत केबिन आणि हौदा यांच्यामध्ये दोन बोटं फट आहे ना, ती कशासाठी सोडलीय? खड्ड्यात एक पुढचं चाक वर आणि तिरपं मागचं चाक वर झालं की चासी पिळते, ओला टॉवेल पिळतो तशी. हौदा आपल्या जागी, केबिन आपल्या जागी, दोघं वेगवेगळे वळतात म्हणून काही तुटत नाही. तू कडक डबा सहा जागी वेल्ड केलास तर तो पीळ एकतर डब्याचे कोपरे फाडेल नाहीतर वेल्डच्या शेजारी चासीलाच चीर पाडेल, आणि पहिला मार नेहमी दाराच्या चौकटीला बसतो.

एक काम कर. तिरपी दोन चाकं मातीच्या ढिगावर चढव (विटा नकोत, फुटतात), पण आधी सपाट जागेवर केबिनच्या मागच्या कडेला आणि हौद्याच्या वरच्या कडेला एका रेषेत चिकटपट्ट्या लाव, दोन्ही बाजूंना. मग त्या किती वरखाली सरकतात ते पट्टीने मोज. तो आकडा हातात आल्याशिवाय कोणाला ॲडव्हान्स देऊ नकोस.

डब्याखाली वेगळी सबफ्रेम, म्हणजे डब्याची स्वतःची चौकट, कर आणि ती चासीवर तीन जागी बसव. मागच्या एक्सलच्या आसपास डावी-उजवी दोन पक्की, आणि पुढे मधोमध एकच, फिरणारी. त्या पुढच्या जागी ट्रकच्या पाट्याचा (स्प्रिंगच्या पट्टीचा) सायलेंट ब्लॉक बुश, म्हणजे रबर भरलेली नळी, आणि जाड पिन लागते, ट्रान्सपोर्ट नगरात मिळेल. टेबल चार पायांवर डुगडुगतं, तिपाई नाही, एवढंच गणित आहे. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नकोस, उभ्या बाजूला बोल्ट टाक.

आणि आठ फुटी सोड. मागचा ओव्हरहँग (मागच्या एक्सलच्या मागे निघालेला भाग) व्हीलबेसच्या, म्हणजे दोन एक्सलमधल्या अंतराच्या, ६० टक्क्यांवर नेता येत नाही, नियमच आहे. तुझा व्हीलबेस तीन मीटरच्या आसपास म्हणजे एक्सलच्या मागे १.८ मीटर, तिथवर गेलास तरी प्रत्येक नाल्यात शेपूट घासणार. झोपायची जागा केबिनच्या डोक्यावर काढ. फक्त ती केबिनला टेकता कामा नये, कारण खाली दोन-दोन सेंटिमीटर फरक पडला तर वर डबा आडवा त्याहून जास्त सरकतो.

पत्र्यात_भिजलेला

काकांनी सांगितलं ते मी पैसे घालवून शिकलोय. माझा पहिला डबा अगदी तुझ्या फॅब्रिकेटरच्या नकाशाचाच, आतलं सामान लावून काट्यावर नेला तर नुसता डबा ७४० किलो. वर पाणी, आम्ही दोघं, गॅस, डिझेल. सहा महिन्यांत मागचा मेन पाटा गेला, तोही महूच्या पुढे काळ्या मातीत रुतलेलो असताना, जिथे पाना जमिनीवर ठेवला की पुन्हा सापडत नाही.

त्याहून वैताग थंडीत. लोखंडी पाईप बाहेरून आत गारवा आणतो, रात्रभर दोन माणसांचा श्वास त्यावर जमतो आणि पहाटे चारला तोंडावर टपटप. बायको म्हणाली यापेक्षा तंबू बरा, आणि खरंच बरा होता.

दुसऱ्यांदा आईस्क्रीमच्या गाड्यांचे डबे बनवणाऱ्याकडे गेलो, गेट-ग्रिलवाल्याकडे नाही. आतबाहेर दीड एमएम एफआरपी (फायबरचा पत्रा), मध्ये ४० एमएम एक्सपीएस (कडक फोम), सांगाडाच नाही, कोपरे एफआरपीच्या अँगलने पीयू ॲडहेसिव्ह (पॉलियुरेथेनचा गोंद) लावून चिकटवलेले. चौरस मीटरला सात किलोच्या आसपास. माझ्या डब्याचे सहा पृष्ठभाग मिळून पंचवीस चौरस मीटर, म्हणजे पावणेदोनशे किलो. पत्र्याचं ५० एमएम पफ पॅनल (मध्ये फोम, दोन्हीकडे पत्रा) घेतलं असतं तर अडीचशे.

टाकी आणि स्टेपनी मागे नको रे. एक्सलच्या दीड मीटर मागे ६० किलो टांगलेस तर तीन मीटरच्या व्हीलबेसवर मागच्या एक्सलवर ९० येतात आणि पुढचा ३० ने हलका होतो. चिखलाच्या चढावर स्टेअरिंग हातात राहतं पण गाडी ऐकत नाही. टाकी खाली, एक्सलच्या पुढे.

नंबरप्लेट_पिवळी

मजा घालवायला आलोय, माफ करा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरसीवर जे लिहिलंय त्याच्याशी जुळणार नाही असा बदल चालत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने हे आणखी घट्ट केलंय. मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं स्टँडर्ड आहे, पण ती टाईप अप्रूव्हलची (मॉडेलची तपासणी करून मंजुरी घेण्याची) वाट गाड्या बनवणाऱ्यांची, एकट्या माणसाच्या खिशाची नाही. गाड्या तपासणारी संस्था नॅट्रॅक्स पिथमपूरला आपल्या दारात आहे म्हणून हुरळू नका, तिथला ११.३ किमीचा ट्रॅक हायस्पीडचा आहे, तुमचा डबा सत्तरच्या वर जाणार नाही :)

हौदा काढायच्या आधी आरटीओत लेखी विचारा आणि इन्शुरन्सवाल्यालाही. एजंटच्या "हो जाएगा भिया" वर लाखभराचं वेल्डिंग करू नका.

टिळकनगरची_ताई

स्पिती म्हणालात म्हणून दोनच गोष्टी. लिथियम फॉस्फेट बॅटरी शून्याच्या खाली चार्ज करायची नसते, म्हणून ती डब्याच्या आत ठेवा आणि बीएमएसमध्ये (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये) लो टेम्परेचर कटऑफ, म्हणजे थंडीत चार्जिंग आपोआप बंद होण्याची सोय, आहे ना ते विकत घेतानाच विचारा. दुसरं, आपल्या सिलिंडरमधल्या एलपीजीत ब्युटेन बरंच असतं, ते शून्याच्या जवळ उकळेनासं होतं आणि शेगडी मरते. लोक मग सिलिंडर आत उबेला घेतात, खिडक्या लावतात आणि शेगडीवरच डबा गरम करतात. कृपा करून नाही. खालून आणि वरून कायम उघडी जाळी, आणि कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म उशाशी.

रामबागचा_भटक्या

काका, काल केलं. कॉलनीमागच्या बांधकामाच्या मातीवर गाडी तिरपी चढवली, चौकीदाराला वाटलं रुतलोय, तो धक्का मारायला दोघांना घेऊन आला. चिकटपट्टी डावीकडे १४ एमएम वर, उजवीकडे ११ खाली. वेल्डिंग कॅन्सल. मग धर्मकाट्यावर पुढचा-मागचा एक्सल वेगवेगळा तोलला, आरसीच्या हिशोबाने सगळं धरून माझ्याकडे उरतात ६१० किलो, आणि डबा ३५० च्या आत पाहिजे असं ठरवलंय. आरटीओचा अर्ज सोमवारी. ताई, अलार्म मागवला.

आता एकच, त्या फिरणाऱ्या पिनला ग्रीस निपल लागतं की सायलेंट ब्लॉक कोरडाच चालतो?

चासीवाले_काका

कोरडाच, रबराला ग्रीस लावलंस तर फुगून खराब होईल. पिनचं माप घेऊन ये, बुश त्यावरून ठरवू.