फ्लोबेर फिट येऊनच गेला, स्ट्रोकने नाही

रिकामटेकडा:
'मादाम बोव्हारी'वाला फ्रेंच कादंबरीकार गुस्ताव फ्लोबेर ८ मे १८८० ला रुआँजवळच्या क्रोआसेच्या घरी अचानक गेला, वय ५८, दुसऱ्या दिवशी पॅरिसला निघायचं होतं. कारण काय सांगतात तर मेंदूत रक्तस्राव. मला हे अजिबात पटत नाही. जानेवारी १८४४ मध्ये रात्री भावाबरोबर घोडागाडीतून येताना त्याला पहिली फिट आली, लगाम सुटला आणि असा कोसळला की भावाला वाटलं गेलाच. बाप रुआँचा मोठा सर्जन, उपचार करताना कढत पाण्याने पोराचा हात भाजला तो डाग जन्मभर राहिला. लॉचं शिक्षण सुटलं (आपला फायदाच झाला म्हणा). पण मिरगीचं नाव कुठे काढायचं नाही! जगाला कळलं ते तो गेल्यावर, मित्र द्यू काँने आठवणी छापल्या तेव्हा.

खडूस_काका:
१८४४ ला फिट आली म्हणून १८८० ला फिटनेच गेला? कैच्या कै. त्याचा शिष्य, कथाकार मोपासाँ, याने रशियन लेखक तुर्गेन्येव्हला पत्रात लिहिलंय की फ्लोबेरला अंघोळीनंतर भोवळ आल्यासारखं वाटलं, मोलकरणीला हाक मारली, डॉक्टरला बोलवायला सांगितलं, वर म्हणाला आज झालं ते बरं, उद्या गाडीत झालं असतं तर पंचाईत. मग कोलोनची बाटली स्वतः उघडून कानशिलांना चोळलं आणि दिवाणावर पडला. झटके बिटके काही नाही. अंगाने जाड, पाइप कायम तोंडात, त्यात १८७५ ला भाचीच्या नवऱ्याचं दिवाळं वाचवायला दोव्हिलची शेती विकलेली, त्याचा ताण वेगळाच. स्ट्रोकला अजून काय पाहिजे?

रिकामटेकडा:
मोपासाँ तरी तिथे कुठे होता? ऐकीवच ना. आणि लाडका शिष्य गुरूची फिट पत्रात लिहील होय? पॅरिसचा लेखक गोंकूर याच्या डायरीत बघा, अंत्ययात्रेच्या वेळी फ्लोबेरचा मित्र पुशे याने त्याला बाजूला घेऊन सांगितलं की हा फिटनेच गेला, तोंडाला फेस होता आणि भाचीला हाताचा साचा घ्यायचा होता तर मूठच उघडेना.

मधली_सुट्टी:
डॉक्टर आहे म्हणून मधे पडतेय. मुठीला पुरावा मानू नका हो, मेल्यावर काही तासांत अंग ताठरतंच. फेस हृदय बंद पडतानाही येतो, फुप्फुसात पाणी भरलं की. मिरगीच्या पेशंटमध्ये अचानक मृत्यू होतात हे खरं, मोठ्या माणसांत वर्षाला साधारण हजारात एक, पण ते बहुतेक झोपेत, सकाळी पालथे सापडतात. हा दिवसाढवळ्या बोलत होता, बाटल्या उघडत होता. मला हार्ट किंवा स्ट्रोकच वाटतो. फिट शक्य आहे, पण माझ्या यादीत ती तिसरी.

रिकामटेकडा:
डॉक्टरीणबाई, तिसरी का होईना, यादीत आली ना! मग सगळ्या चरित्रांत ती तळटीपेत का ढकलायची? द्यू काँने खरं सांगितलं तर फ्लोबेरच्या मित्रांनी त्यालाच झोडपलं.

खडूस_काका:
अहो मिरगी होती हे इथे कोण नाकारतंय? जन्मभर लपवली हेही मान्य. पण लपवलेला आजार आणि मरणाचं कारण या दोन गोष्टींची तुम्ही खिचडी करताय, आणि तीही गोंकूरच्या भरवशावर, ज्याने अर्ध्या पॅरिसची उणीदुणी डायरीत भरून ठेवली.