मांजर, मोशन सेन्सर आणि सेन्सिटिव्हिटी

मांजरामुळे घरातला चोर-अलार्म वाजत असेल तर मोशन सेन्सरची (हालचाल टिपणाऱ्या सेन्सरची) सेन्सिटिव्हिटी, म्हणजे संवेदनशीलता, सरळ कमी करा, असा सल्ला दिला जातो. माझ्या मते तो अगदी शेवटचा उपाय. हे सेन्सर बहुतेकदा पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) प्रकारचे असतात; असा सेन्सर उष्णतेतला फरक ओळखतो. नागपूरच्या मे महिन्यात खोलीच अंगाइतकी तापली की तो फरक तसाही पुसट होतो. त्यात सेन्सिटिव्हिटी उतरवली तर चोरही निवांत फिरेल.

'पेट इम्यून' (पाळीव प्राण्यांमुळे वाजू नये असा) सेन्सरवर २० किंवा २५ किलो लिहिलेलं असतं, पण तो काही वजन करत नाही. जमिनीलगत हलणारी थोडीशी उष्णता तो सोडून देतो, एवढंच. मांजर सोफ्याच्या पाठीवर किंवा कपाटावर चढलं की ते सेन्सरच्या जवळ येतं, म्हणजे त्याला मोठं दिसतं. म्हणून मॅन्युअलमधल्याच उंचीवर (बहुतेकदा २.१ ते २.४ मीटर), खाली न झुकवता लावा. समोर जिना किंवा कपाट नको. मग वॉक टेस्ट मोड (हालचाल टिपली की सेन्सरचा दिवा लागतो ती चाचणी) चालू करून मांजराला खेळवा आणि दिवा कुठे लागतो ते बघा.

आणि हो, दर वेळी मांजरच दोषी नसतं. लेन्सवरून पाल फिरली तरी अलार्म वाजू शकतो! सेन्सरमागचं वायरचं भोक सिलिकॉनने बुजवा, म्हणजे आत किडे शिरणार नाहीत; कोळ्याची जाळी पुसत राहा.

रात्री घरात असाल तर होम मोड ठेवा: आतले मोशन सेन्सर बंद, दार-खिडक्यांचे मॅग्नेटिक सेन्सर (दार किंवा खिडकी उघडली की कळवणारे) चालू. मांजर मोकळं फिरतं अशा घरात मी तर खर्च आधी या मॅग्नेटिक सेन्सरवरच करेन.