डुक्ला प्रागची ११ विजेतेपदं आजच्या डुक्लाच्या खात्यात धरायची का?

मधलीफळी (धागाकर्ता)

चेक फुटबॉलच्या बहुतेक याद्यांमध्ये 'डुक्ला प्राग, ११ विजेतेपदं' असं दिसतं आणि त्याच ओळीला आज प्रागच्या देयविट्से भागातल्या युलिस्का मैदानावर खेळणाऱ्या क्लबची माहिती जोडलेली असते. मला हे मान्य नाही. आधी क्रम मांडतो, म्हणजे चर्चा एका पायावर होईल.

१९४८ : सैन्याचा क्लब म्हणून एटीके प्राग या नावाने स्थापना.
१९५३ : नाव बदलून ऊडा. त्याच वर्षी पहिलं विजेतेपद.
१९५६ : डुक्ला हे नाव. १९४४ च्या शरद ऋतूत डुक्ला खिंडीत सोव्हिएत सैन्याबरोबर लढलेल्या चेकोस्लोव्हाक कोअरची आठवण म्हणून.
१९५३ ते १९८२ : ११ विजेतेपदं. त्यातली १९६१ ते १९६४ सलग चार.
१९९३-९४ : स्वतंत्र चेक लीगचा पहिला हंगाम. ३० सामन्यांत एकच विजय, तळाचं स्थान. पैसाही नाही, त्यामुळे दुसरा विभाग सोडून थेट तिसऱ्यात.
१९९६ : प्रशीब्रामच्या क्लबशी विलीनीकरण. १९९७ मध्ये पहिल्या विभागात बढती आणि मुक्काम प्रशीब्रामला.
२००० : त्या क्लबच्या नावातून 'डुक्ला' गेलं, 'मारिला' आलं.
२००७ : प्रागमधल्या खालच्या लीगमध्ये डुक्ला नावाने खेळणाऱ्या क्लबने याकुबचोवित्से या छोट्या गावाच्या क्लबची दुसऱ्या विभागातली जागा घेतली. २०११ मध्ये हाच क्लब पहिल्या विभागात पोहोचला.

जुन्या क्लबची कायदेशीर वाट प्रशीब्रामला गेली, नव्या क्लबची जागा याकुबचोवित्सेहून आली. या दोन वाटा कुठेही एकमेकींना मिळत नाहीत. मग १९८२ चं विजेतेपद २००७ च्या जागेवर कोणत्या हिशेबाने चढवायचं?

कोपराकिक

क्रम बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. कायदेशीर वाट हाच निकष धरला तर ११ विजेतेपदं प्रशीब्रामला द्यावी लागतील. प्रशीब्रामचा क्लब स्वतःची स्थापना १९२८ ची सांगतो. खाण कामगारांच्या वस्तीतल्या जुन्या क्लबचा तो वारसा आहे आणि त्यांच्या प्रेक्षकांना त्याचाच अभिमान आहे. म्हणजे ज्याच्याकडे कागद गेले, त्याने त्या कागदांवर आपली ओळख उभी केलेली नाही.

दुसरीकडे देयविट्सेच्या क्लबकडे काय आहे ते पाहा. तेच युलिस्का मैदान, तोच पिवळा आणि गडद लाल रंग, तेच नाव. मैदानाबाहेर जुन्या डुक्लाचा मोठा खेळाडू योसेफ मासोपुस्त याचा पुतळा आहे, तो २०१२ मध्ये बसवला. त्या समारंभाला खुद्द मासोपुस्त हजर होता. क्लब म्हणजे नोंदणी क्रमांक की माणसं आणि मैदान, हा खरा प्रश्न आहे. आणि नावाचंच म्हणाल तर १९५३ चं विजेतेपद 'डुक्ला' हे नाव अस्तित्वात येण्याआधीचं आहे. ते मोजताना आपण कधी अडखळलो नाही.

दप्तरदार

नाव बदलणं आणि संस्था बदलणं यांत फरक आहे, तो इथे निसटतोय. एटीके, ऊडा, डुक्ला ही तिन्ही नावं एकाच मालकाने, म्हणजे सैन्याने, एकाच संघाला दिली. मंगळवारी सराव करणारा संघ बुधवारी नव्या पाटीखाली खेळला. १९९६ ला तसं झालेलं नाही.

क्लबचा वारसा तपासताना मी चार गोष्टी याच क्रमाने पाहतो. एक, नोंदणीकृत संस्था तीच आहे का. दोन, लीगमधली जागा कुठून आली, खेळून मिळाली की दुसऱ्याकडून घेतली. तीन, युवा विभाग अखंड चालू आहे का, कारण वरचा संघ कोसळला तरी मुलांचे संघ बहुधा टिकतात आणि सातत्याचा तोच सर्वांत भक्कम पुरावा असतो. चार, मैदान, रंग आणि चिन्ह. आजचा डुक्ला चौथ्यावर पूर्ण उतरतो, पहिल्या दोनांवर अजिबात नाही.

आकडेवारीत सर्रास होणारी एक गडबडही सांगतो. १९९७-९८, १९९८-९९ आणि १९९९-२००० हे तीन हंगाम प्रशीब्रामच्या संघाने पहिल्या विभागात काढले, तेव्हा नावात डुक्ला होतं. 'पहिल्या विभागातले एकूण हंगाम' मोजताना काही याद्या हे तीन डुक्लाला देतात, काही प्रशीब्रामला आणि काही दोघांनाही. एकूण सामन्यांचे आकडे जुळत नाहीत, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

ट्रनावाप्रेमी

तुम्ही सगळे वारसदार शोधताय, पण मुळात ही ११ विजेतेपदं एवढी मिरवण्यासारखी आहेत का? सक्तीची लष्करी सेवा दोन वर्षांची होती. चांगला खेळाडू १८-१९ वर्षांचा झाला की बोलावणं येणारच. मग त्यातले निवडक प्रागला, उरलेले जिल्ह्यांतल्या सैन्यसंघांत. दोन वर्षं संपली की घरी परत जा किंवा सैन्याच्या नोकरीत राहून डुक्लाकडूनच खेळत राहा. मूळ क्लबच्या हातात काहीच नसे. ज्या वयात खेळाडू फुलतो नेमकी तीच वर्षं दुसऱ्याने न्यायची, हा करार कोणी स्वखुशीने केला असता का?

मासोपुस्त १९५२ मध्ये टेप्लिट्सेहून असाच आला आणि १९६८ पर्यंत राहिला. झ्देन्येक नेहोदा गोटवाल्डोव्हहून आला आणि राहिला. प्रागच्या प्रेक्षकांनी या क्लबला कधी मनापासून जवळ केलं नाही, त्याचं मूळ इथे आहे. प्रागचेच दुसरे दोन क्लब पाहा. स्पार्टा १९६७ नंतर थेट १९८४ ला लीग जिंकला, मधे १९७५ मध्ये खालच्या विभागातही गेला. स्लाविया १९४७ नंतर १९९६ पर्यंत कोरडा. तरी गर्दी त्यांचीच. डुक्लाचा संघ कागदावर भारी आणि स्टँडमध्ये शुकशुकाट.

कोपराकिक

@ट्रनावाप्रेमी, भरतीची पद्धत अन्यायाची होती, त्यावर वाद नाही. पण तुमच्याच ट्रनावा क्लबचं उदाहरण उलट बाजूने बोलतं. योझेफ आदामेत्सने १९६१ ते ६३ या काळात लष्करी सेवा डुक्लाकडून केली. मासोपुस्त आणि प्लुस्काल यांच्याबरोबर खेळला, १९६२ च्या विश्वचषक संघात गेला. नंतर ट्रनावाने १९६८, ६९, ७१, ७२ आणि ७३ अशी पाच विजेतेपदं घेतली, त्या आक्रमणाचा आधार हाच आदामेत्स. सैन्याने नेलं, तसं तयार करून परतही दिलं.

आणि नुसती माणसं गोळा करून संघ होत नाही. त्याच पद्धतीचे सैन्यसंघ पूर्व युरोपभर होते. डुक्लाला वेगळं काढलं ते प्रशिक्षक यारोस्लाव वेयवोदाने. साठच्या दशकातली विजेतेपदं त्याची आणि १९७७ व १९७९ चीही त्याचीच. दोन पूर्ण वेगळ्या पिढ्या, खेळ वेगळा, शिस्त तीच.

हाफबॅक६२

युरोपातली कामगिरी कोणी काढलीच नाही, आणि भरतीवरच्या आक्षेपाचं उत्तर तिथेच आहे. देशात सैन्याचा वशिला चालत असेल, ग्लासगोत किंवा ॲमस्टरडॅममध्ये कोण विचारतं?

१९६६-६७ चा युरोपियन कप घ्या. उपांत्यपूर्व फेरीत रिनुस मिखेल्सचा आयॅक्स समोर, क्रॉइफ १९ वर्षांचा. ॲमस्टरडॅमला १-१. प्रागला शेवटच्या मिनिटांत आयॅक्सच्या बचावपटूकडून स्वतःच्याच जाळ्यात चेंडू गेला आणि डुक्ला २-१ ने पुढे. उपांत्य फेरीत सेल्टिक. ग्लासगोत जॉनस्टनने आघाडी दिली, मध्यंतराच्या तोंडावर स्टानिस्लाव श्त्रुन्त्सने बरोबरी साधली, म्हणजे मध्यंतराला सामना बरोबरीत होता. दुसऱ्या अर्धात विली वॉलेसचे सहा मिनिटांत दोन गोल, ३-१. परतीच्या सामन्यात एरवी सदैव पुढे जाणारा सेल्टिक प्रागमध्ये जवळपास सगळा वेळ स्वतःच्या अर्धात उभा राहिला आणि ०-० काढून गेला. तोच सेल्टिक पुढे लिस्बनला विजेता झाला. मासोपुस्त तेव्हा ३६ वर्षांचा होता आणि मधली फळी अजून त्याच्याच तालावर चालत होती.

त्याआधी न्यूयॉर्कची उन्हाळी स्पर्धा. १९६१ मध्ये अंतिम लढतीत एव्हर्टनला ७-२ आणि २-० असं हरवलं. पुढची तीन वर्षंही अमेरिकन चॅलेंज चषक डुक्लाकडेच राहिला. १९६३ ला समोर वेस्ट हॅम होता, बॉबी मूरचा.

सांतियागोतल्या १९६२ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाच्या अकरांत चौघे डुक्लाचे : नोवाक, प्लुस्काल, मासोपुस्त, येलिनेक. पहिला गोल १५ व्या मिनिटाला मासोपुस्तचा. त्याच वर्षीचा बॅलन डी'ओर (युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा सोनेरी चेंडू) त्याला मिळाला, तो हातात दिला १९६३ मध्ये, बेन्फिकाविरुद्धच्या सामन्याच्या वेळी. भाषण नाही, सोहळा नाही. युसेबिओशी हस्तांदोलन केलं, चेंडू खेळाच्या पिशवीत टाकला आणि ट्रामने घरी गेला. एवढ्या मोठ्या खेळाडूला घरच्या शहरात एवढीच दखल मिळाली, याचं आजही वाईट वाटतं.

ट्रनावाप्रेमी

@हाफबॅक६२, यातून खेळाडू मोठे होते एवढंच सिद्ध होतं, आणि ते कोणी नाकारलेलंच नाही. प्रश्न क्लबचा आहे. बॅलन डी'ओर मिळालेले चेक खेळाडू दोन, मासोपुस्त आणि २००३ चा पावेल नेदव्येद. दोघेही डुक्लात आले ते लष्करी सेवेमुळे. नेदव्येदने १९९१-९२ चा हंगाम तिथे काढला आणि सेवा संपताच स्पार्टाला गेला. चाळीस वर्षांपूर्वी मासोपुस्त राहिला, नेदव्येद का नाही राहिला? कारण १९८९ नंतर खेळाडूला निवड करता आली. निवड मिळाल्यावर क्लब जेमतेम चार-पाच वर्षं टिकला, आणि शेवटच्या हंगामात एक सामना जिंकला.

दप्तरदार

कोसळण्याची कारणं जरा नीट मांडू या, 'निवड मिळाली' एवढ्यावर थांबायला नको. सैन्याने हळूहळू हात काढून घेतला, म्हणजे पगार, प्रवास, मैदानाची देखभाल हे सगळं एकदम उघड्यावर आलं. स्पार्टा-स्लावियाला त्या काळात प्रायोजक मिळाले, कारण त्यांच्यामागे प्रेक्षक होते. डुक्लाकडे तिकिटविक्री कधी उत्पन्नाचं साधनच नव्हती. त्यात युलिस्काची रचना. टेकडीच्या उतारावर एकाच बाजूला उंचच उंच स्टँड, समोरची बाजू जवळपास मोकळी, आणि मैदान व प्रेक्षक यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक. ॲथलेटिक्ससाठी उत्तम मैदान आहे, तिथे मोठ्या स्पर्धा होतात. पण फुटबॉलला हजार-दोन हजार माणसं त्या स्टँडमध्ये बसली तर रिकामंच दिसतं आणि आवाज समोरच्या बाजूने निघून जातो. शिवाय मैदान संरक्षण खात्याकडे, म्हणजे क्लबला ते गहाणही टाकता येत नाही आणि मनासारखं बदलताही येत नाही.

याउलट प्रागचाच बोहेमियन्स क्लब पाहा. २००५ मध्ये तेही दिवाळखोरीत गेले, पण व्हर्शोवित्सेच्या चाहत्यांनी सहकारी संस्था काढून पैसे उभे केले आणि तिसऱ्या विभागातून सुरुवात केली. दरम्यान नाव आणि चिन्हाचे हक्क स्ट्रझीझकोव्हच्या क्लबने भाड्याने घेतले. २००९-१० मध्ये तर दोन बोहेमियन्स एकाच पहिल्या विभागात खेळले. तिथे वारसा कोणाचा याबद्दल चाहत्यांच्या मनात क्षणभरही शंका नव्हती, कारण माणसं तीच होती. डुक्लाच्या बाबतीत १९९६ ते २००७ या काळात ही माणसं कुठे होती?

कोपराकिक

खालच्या लीगमध्ये होती. देयविट्सेचा छोटा क्लब तेच नाव लावून प्रागच्या स्थानिक लीगमध्ये खेळत होता. संख्या कमी होती म्हणून नातं खोटं ठरत नाही. वारसा गर्दीवर मोजायचा झाला तर १९६२ चा डुक्लाही नापास होईल, तो तर प्रेक्षकांविनाच जिंकत होता.

मधलीफळी

बुखारेस्टच्या स्टेआवाकडे, म्हणजे तिथल्या सैन्याच्या जुन्या क्लबकडे, बघितलं तर माझा मुद्दा जास्त स्पष्ट होईल. तिथे सैन्याने २०११ मध्ये खटला भरला, २०१४ मध्ये पहिल्या विभागातल्या क्लबचा नावावरचा हक्क गेला आणि २०१७ पासून तो क्लब एफसीएसबी म्हणून खेळतो. त्याच वर्षी सैन्याने स्वतःचा फुटबॉल संघ पुन्हा चौथ्या स्तरापासून उभा केला. १९८६ चा युरोपियन कप कोणाचा यावर अजून भांडण आहे, पण निदान दोन्हीकडे दावेदार आहेत. डुक्लाच्या बाबतीत प्रशीब्राम दावाच करत नाही, आणि नेमका त्यामुळे आजच्या क्लबला सगळा इतिहास आयता मिळाला. दुसऱ्या कोणी हात वर केला नाही म्हणून आपली मालकी सिद्ध होत नाही.

यादीत मला असं हवंय : 'डुक्ला प्राग (१९४८–१९९६), ११ विजेतेपदं' ही एक स्वतंत्र ओळ. 'डुक्ला प्राग (आजचा क्लब), पहिल्या विभागात २०११ ते २०१९, पुन्हा २०२४ पासून' ही दुसरी. तीन प्रशीब्रामी हंगाम प्रशीब्रामच्या ओळीत. मैदान, रंग आणि पुतळा यांचा उल्लेख दुसऱ्या ओळीत खुशाल करा.

हाफबॅक६२

पहिली ओळ मान्य, पण १९९६ का? १९९४ ला तिसऱ्या विभागात गेलेला क्लब तोच होता, यावर दोन्ही बाजू सहमत आहेत. १९९६-९७ मध्ये डुक्ला नावाने दुसरा विभाग जिंकणाऱ्या संघाला मात्र तुम्ही दोन्ही ओळींतून वगळलंत. ती जागा प्रशीब्रामकडची होती, तर तो हंगामही त्यांच्याच ओळीत जायला हवा. म्हणजे त्यांच्याकडे डुक्ला नावाचे तीन नाही, चार हंगाम.

दप्तरदार

बरोबर. पहिल्या विभागाच्या तक्त्यात तीन, सगळ्या विभागांच्या तक्त्यात चार. दोन्ही तक्त्यांखाली तशी टीप हवी, नाहीतर पुढचा माणूस पुन्हा हाच घोळ घालेल.