आयरिश संतकथांमधले कवी: संत त्यांच्या बाजूचे की विरोधातले?

पानगळ:
सध्या मध्ययुगीन आयर्लंडच्या संतांच्या गोष्टी इंग्रजी भाषांतरातून वाचतोय आणि एक प्रश्न काही केल्या सुटत नाहीये. कुठलीही गोष्ट काढा, संताच्या आसपास कवी असतोच, पण दोघांचं नातं नक्की काय ते प्रत्येक ठिकाणी वेगळं. कोलम किले घ्या, ५६३ मध्ये स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावर मठ काढणारा. द्रुम केटच्या सभेत राजा एद कवींना देशाबाहेर काढायला निघालेला असतो, कारण त्यांचे लवाजमे आणि मागण्या लोकांना झेपेनात, तर हा संत समुद्र ओलांडून येतो आणि सांगतो की हाकलू नका, लवाजमे कमी करा. आयर्लंड परत बघणार नाही असा त्याचा नेम, म्हणून डोळ्यांवर मेणकापड आणि पायाखाली स्कॉटलंडची माती बांधून येतो म्हणे! आणि दुसरीकडे रोनान, त्याने स्वीनी राजाला असा शाप दिला की तो वेडा होऊन झाडांवर राहायला लागला आणि तिथेच कविता करायला लागला. मग या मठवाल्यांना कवी हवे होते का नको होते? कोणी वाचलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

दगडी_दिवा:
मस्त विषय. द्रुम केटबद्दल आधी एक सांगतो. कोलम किलेचं सगळ्यात महत्त्वाचं जुनं चरित्र अॅडम्नानचं, लॅटिनमधलं, साधारण ७०० च्या सुमाराचं, आणि अॅडम्नान स्वतः आयोनाचाच मठाधिपती. त्याला ही सभा माहितीये, राजांची नावंही तो देतो, पण कवींबद्दल एक अक्षर नाही! कवींना वाचवल्याची गोष्ट येते ती 'अमरा'च्या प्रस्तावनेत. 'अमरा' म्हणजे कोलम किले गेल्यावर (५९७) डालान फोर्गल या अंध कवीने रचलेलं स्तुतिकाव्य असं परंपरा सांगते, भाषा इतकी अवघड की पुढच्या लोकांना ओळीओळीवर टिपा लिहाव्या लागल्या, आणि त्या टिपा-प्रस्तावना कित्येक शतकांनंतरच्या. म्हणजे गोष्ट वाढवली ती कवींचं काव्य जपणाऱ्यांनी. माझं मत असं की यात कवींचा स्वतःचा हक्क बोलतोय, आमच्यावर एवढ्या मोठ्या संताने हात ठेवलाय, आता कुठला राजा आम्हाला हात लावतो बघू.

अॅडम्नानकडे कवी अजिबात नाहीत असं मात्र नाही. क्रोनान नावाचा कवी संताला भेटून निघून जातो, शिष्य विचारतात की त्याला नेहमीसारखं एखादं गाणं म्हणायला का नाही सांगितलं, आणि संत म्हणतो, तो थोड्याच वेळात मारला जाणारे, त्याच्याकडून आनंदाचं गाणं कसं मागू. आणि तसंच होतं. मला यातलं शिष्यांचं विचारणं जास्त महत्त्वाचं वाटतं. पाहुणा कवी आला की मठात गाणं व्हायचंच, हे त्यांनी किती सहज धरलंय.

उंबरठा:
कवींचा त्रास खरंच किती होता हे बघायचं तर 'त्रोमदाव ग्वारे' वाचा, कवींची सगळी फौज कॉनॉटच्या ग्वारे राजाकडे पाहुणी जाते ती गोष्ट. दीडशे कवी, दीडशे शिष्य, वर कुत्री, नोकर, बायका वेगळ्याच. राजा दानशूर म्हणून प्रसिद्ध, नाही म्हणाला तर हे लोक निंदाकाव्य करणार आणि त्या काळी कवीने केलेली निंदा म्हणजे नुसती बदनामी नव्हे, तोंडावर फोड उठतात, माणूस मरतो अशी समजूत. मग मागण्या सुरू, एकीला जानेवारीत ब्लॅकबेरी हव्यात! राजाचा भाऊ मारवान, डुकरं राखणारा संन्यासी, त्याचं लाडकं पांढरं डुक्करसुद्धा या हट्टापायी मारलं जातं.

मधेच मांजराचा प्रसंग येतो. मुख्य कवी सेनखान मांजरांच्या राजावर निंदाकाव्य करतो, ते भलंमोठं मांजर येऊन त्याला पाठीवर टाकून पळवतं, क्लोनमॅक्नॉइजच्या मठावरून जाताना संत कीरन भट्टीपाशी असतो, तो लालभडक लोखंडी सळई फेकून मांजर मारतो. सेनखान आभार मानेल? तो म्हणतो मला खाल्लं असतं तर बरं झालं असतं, तुम्हाला ग्वारेवर निंदाकाव्य तरी करता आलं असतं!

पण शेवट बघा. मारवान कवींना असा अडकवतो की 'तॉइन', म्हणजे कूली प्रदेशातला बैल पळवायला केलेल्या स्वारीची महाकथा, पूर्ण म्हणून दाखवल्याशिवाय एका घरात दोन रात्री राहायचं नाही. आणि ती पूर्ण कोणालाच येत नाही. शेवटी संत जमून प्रार्थना करतात, त्या कथेतलाच मेलेला वीर फर्गस थडग्यातून उठून सगळी कथा सांगतो आणि कीरन ती गाईच्या कातड्यावर उतरवून घेतो. कवी विसरले, संतांनी परत मिळवली. ही गोष्ट कोण सांगतंय ते लगेच कळतं.

पानगळ:
बाप रे, थडग्यातून उठवून! म्हणजे मठांचा दावा असा की तुमच्या कथा आता आमच्याकडे आहेत?

निळी_शाई:
दावा आहेच, पण मला त्यात काळजीही दिसते. 'अकल्लम' वाचलंत का, साधारण १२०० चं? आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म पसरवणाऱ्या संत पॅट्रिकला जुन्या दंतकथांमधल्या फिन मॅकूल या वीराच्या टोळीतला कील्त्ये भेटतो, जुना योद्धा, बहुतेक सोबती जाऊन जमाना लोटला तरी हा उरलेला, तो कथा सांगत जातो आणि पॅट्रिकला त्या इतक्या आवडतात की त्याला अपराधी वाटायला लागतं, प्रार्थना बाजूला राहते ना. मग त्याचे दोन रक्षक देवदूत येऊन सांगतात, कवींच्या पाट्यांवर कवींच्याच शब्दांत हे लिहून घे, पुढच्या लोकांना ऐकायला आनंद होईल. ख्रिस्ती होण्याआधीच्या कथा मठात बसून लिहायच्या तर मनाला टोचत असणार, त्यावर काढलेली ही वाट आहे असं मी समजते.

स्वीनीची गोष्ट पण शापापाशी सोडू नका. त्याने रोनानची स्तोत्रांची पोथी तळ्यात फेकली, ती पाणमांजराने जशीच्या तशी वर आणून दिली, पुढे भाला मारून रोनानचा शिष्य मारला, म्हणून शाप. मग ६३७ ची मॉइराची लढाई, वेड, रानावनात भटकणं, आणि झाडांवरच्या त्या अप्रतिम कविता. शेवटी तो मोलिंग या दुसऱ्या संताच्या मठाशी येतो. मोलिंग म्हणतो, दिवसभर कुठेही फिर, संध्याकाळी इथे ये, मला तुझी हकीकत लिहून घ्यायचीये. मठाची स्वयंपाकीण शेणात टाचेने खळगा करून त्यात दूध ओतते, तो ते पितो, आणि तिचा नवरा संशयाने त्याला भाला मारतो. त्याच्यासाठी मोलिंग जे रडतो ते वाचल्यावर संत विरोधात होते असं मला तरी म्हणवत नाही.

पण लिआदानबद्दल माझा राग आहे. कवयित्री, कुरिहिर नावाच्या कवीवर प्रेम, आणि त्याच्याशी लग्न न करता जोगीण झाली. दोघं संत कुम्मिनेकडे गेले तर त्याने पर्याय दिला, एकमेकांना बघा किंवा एकमेकांशी बोला, दोन्ही नाही. त्यांनी बोलणं निवडलं. कवीच ते! तिच्या तोंडच्या ओळी नवव्या शतकातल्या मानतात आणि त्यात पश्चात्ताप अगदी उघडा आहे. मठात कोणीतरी त्या जपल्या, एवढं श्रेय देते.

दगडी_दिवा:
निळी_शाईताई, लिआदानच्या बाबतीत सहमत. पानगळ, तुमच्या 'हवे का नको' वर अजून एक नाव घ्या, कोलमान मॅक लेनेनी. सहाव्या शतकातला पेशाने कवी, नंतर धर्मात आला, कॉर्कमधल्या क्लॉइन मठाचा संस्थापक, स्वतःच संत. त्याच्या नावावरच्या थोड्या ओळी उरल्यात आणि त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या ओळी देवाबद्दल नाहीत, डोनल राजाने भेट दिलेल्या तलवारीबद्दल आहेत. हंसांपुढे काळे पक्षी, राण्यांपुढे शेतकरणी, मेणबत्तीपुढे काडीचा दिवा, तशा माझ्या तलवारीपुढे बाकी तलवारी! संतपद मिळाल्यावरही त्या कोणी पुसल्या नाहीत. तुम्ही पुढे 'अकल्लम' घ्या, इंग्रजीत पूर्ण भाषांतर आहे, आणि फिनच्या कथा आधी माहीत नसल्या तरी अडत नाही.