प्रत्यारोपित मूत्रपिंडाच्या बायोप्सीतील इओसिनोफिल पेशी

प्रश्न : माझ्या भावाच्या प्रत्यारोपित मूत्रपिंडाच्या बायोप्सीत इओसिनोफिल पेशी (ॲलर्जीत वाढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) पुष्कळ आढळल्या आहेत. शरीर मूत्रपिंड नाकारत आहे असे समजावे, की ही औषधाची ॲलर्जी असू शकते?

उत्तर १ : केवळ या पेशींवरून निर्णय होत नाही. बान्फ वर्गीकरणात (प्रत्यारोपित अवयवाची बायोप्सी तपासण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत) पेशीजन्य नकाराची, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींनी अवयवावर केलेल्या हल्ल्याची, श्रेणी मुख्यतः मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या भित्तीत शिरलेल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी आणि धमनीच्या आतल्या थराचा दाह यांवरून ठरते. इओसिनोफिलची संख्या लक्षणीय असल्यास ती अहवालात नोंदवतात, पण तिने श्रेणी बदलत नाही.

उत्तर २ : धमनीदाह दिसल्यास कौल नकाराकडे जातो, कारण औषधजन्य दाहात तो सहसा नसतो. असा औषधजन्य दाह घडवू शकणारे को-ट्रायमॉक्सॅझोल (प्रतिजैविक) किंवा ओमेप्राझोल (आम्लपित्तावरचे औषध) चालू असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगा. मात्र स्वतःहून कोणतीही गोळी बंद करू नका, ही कळकळीची विनंती.

प्रश्नकर्ता : ओमेप्राझोल चालू आहे. उद्याच डॉक्टरांना विचारतो.